मी न ओळखलेला माणूस

मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला ज्या कपाटातून तुम्ही पृथ्वीचा गोल काढता, त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर मी असतो. माझ्या एका बाजूला मोडका तराजू आहे, दुसऱ्या बाजूला बरणीतला साप. मधे ताटाएवढा करडा डबा आणि त्याला पुढे एक गोल काच दिसते ना, तो मी. मी चेहरे ओळखणारा एक जुना कॅमेरा आहे. काही वर्षांपूर्वी मला ओळखत नाही असे या गावात कोणी नव्हते, आणि मी ओळखत नाही असेही कोणी नव्हते. निदान मला तसा गर्व होता.

तुम्ही मला एकडोळ्या म्हणता. म्हणा, मला राग नाही. आपल्याकडे माणसाचे खरे नाव कागदावर राहते आणि टोपणनावावर त्याचा जन्म जातो. माझेही तसेच झाले. पण तुमच्यातले काही जण माझ्या काचेवर टिचकी मारून विचारतात, "याने माणूस मारला म्हणे, खरं का?" तेव्हा तुमच्या बाई तुम्हाला गप्प करतात. गप्प करू नये. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, आणि ते मीच द्यायला हवे.

माझा जन्म बँकॉकमध्ये, एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर झाला. मला घडवणाऱ्या इंजिनिअरचे नाव वीरयुत. बारीक, चष्मेवाला, प्लास्टिकच्या पिशवीतली बर्फाची कॉफी नळीने ओढत तो दिवसभर माझ्यासमोर बसायचा. त्याने मला चेहरे शिकवले. दोन डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी, हनुवटीचा उतार, आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणून भुवया. "डोळे मिटतात, तोंड हलतं, भुवया मात्र जागच्या जागी असतात," असे तो सोबत्यांना सांगायचा. त्याच्या कचेरीतली चारशे माणसे मी पाठ केली. शंभरातले ऐंशी गुण जुळले की हिरवा दिवा लावायचा, नाहीतर लाल. चारशेपैकी एकालाही ओळखायला मी चुकलो नाही. त्या दिवशी वीरयुतने माझ्या डोक्यावर थोपटले. माणसाच्या डोक्याला आपल्याकडे असा हात लावत नाहीत, पण मी माणूस थोडाच होतो. मला ते थोपटणे फार आवडले.

मला या गावात पाठवण्याचे कारण तुमच्या घरातच आहे. तुमची आई, मावशी, आत्या मिठागरात राबतात. फावड्याने मीठ ओढून, खाऱ्या पाण्यात हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. पूर्वी दवाखान्याच्या औषधखिडकीवर अंगठा ओळखणारे यंत्र होते. ते शहरातल्या अंगठ्यांना हसून दार उघडायचे आणि मिठागरातल्या अंगठ्यांना हाकलून द्यायचे. सायूद मावशी नावाची एक म्हातारी मिठागरवाली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती तीनदा आली आणि तीनदा रिकाम्या हाताने गेली. चौथ्यांदा तिने अंगठा यंत्रावर टेकवला आणि म्हणाली, "बाबा, आता याच्यापुढं फक्त हाडच आहे. ते बघतोस का?"

ही गोष्ट बँकॉकपर्यंत पोचली आणि वीरयुत मला घेऊन आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

औषधखिडकी चिंतनाताईंच्या ताब्यात होती. उंच, सावळ्या, कानामागे पेन्सिल खोचलेली. गावातल्या प्रत्येकाचे दुखणे त्यांना तोंडपाठ होते आणि प्रत्येकाची भानगडही. वीरयुतने मला खिडकीच्या चौकटीवर बसवले, आतल्या औषधाच्या खणांशी आणि थंड कपाटाशी तारा जोडल्या आणि म्हणाला, "झालं, ताई. हा हिरवा झाला की खण आपोआप उघडेल. तुम्हाला काही करायला नको."

"आणि हा नाही म्हणाला तर?"

"नाही म्हणणारच नाही."

"माझा नवराही लग्नात असंच बोलला होता," चिंतनाताई म्हणाल्या. "मला किल्ली दे."

"किल्लीची गरजच नाही, ताई. उगाच माणसाचा हात मधे..."

"तुझं यंत्र हुशार असेल, बाळा. पण खिडकीवर शिव्या मी खाणार, यंत्र नाही. किल्ली दे, नाहीतर उतरव याला."

वीरयुतने डोके खाजवले आणि माझ्या कुशीला एक भोक ठेवून दिले. त्याची एक किल्ली बनवली, तिला लाल रंग दिला. मी लाल झालो तरी ती किल्ली फिरवली की खण उघडायचा. चिंतनाताई ती कमरेला बांधून हिंडत. किल्ली वापरली की का वापरली, ते त्या एका वहीत लिहून ठेवत.

मग गावकऱ्यांचे चेहरे टिपायला सुरुवात झाली. पहिली सायूद मावशी. ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात जोडून हनुवटीपर्यंत नेऊन तिने मला नमस्कार केला. निम्मा चेहरा हातांआड गेला.

"मावशी, त्याला नमस्कार नको. तोंड झाकतं," चिंतनाताई म्हणाल्या.

"अगं, औषध देतो तो. नुसतं थोबाड दाखवून कसं चालेल?"

"आधी थोबाड दाखवा, औषध मिळाल्यावर नमस्कार करा."

तेव्हापासून या गावात तीच रीत पडली. आधी चेहरा, मग हिरवा दिवा, मग नमस्कार. एवढे नमस्कार देवळाच्या दारातल्या मूर्तींनाही मिळत नसतील.

मावशीच्या मागे तिचा मुलगा उभा होता, प्रयोंग. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याला लहानपणापासून मधुमेह होता. रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय त्याचे भागत नसे. वीरयुतने त्याला सांगितले, "हसू नका, सरळ बघा." पण मावशी मागून म्हणाली, "औषध देणाऱ्यापुढं तोंड पाडून उभं राहू नये," आणि प्रयोंगला हसू फुटले. मी तेवढ्यात फोटो टिपला. वीरयुत म्हणाला, पुन्हा काढू. चिंतनाताई म्हणाल्या, "राहू दे रे, तो असाच असतो."

त्यामुळे माझ्यापाशी प्रयोंगचा जो चेहरा जमा झाला तो हसरा होता. पुढे दर पंधरवड्याला तो इन्सुलिन न्यायला आला की त्याला थोडे हसावे लागे, तरच गुण ऐंशीच्या वर जात. रांगेतली माणसे त्याची थट्टा करत. "एकडोळ्याची मर्जी राख रे, हसल्याशिवाय तो तुला सोडत नाही." प्रयोंगची बायको रेणू म्हणायची, "घरी मला एवढं हसून दाखवलं असतंत तर जन्माचं सोनं झालं असतं."

ती तीन वर्षे माझ्या सुखाची होती, मित्रांनो. ज्यांची बोटे पुसली होती, ती माणसे ताठ मानेने खिडकीवर येत. तीन वर्षांत मी अकरा वेळा चुकलो. एकाचा गाल दाढेने सुजला होता, एकीचे तोंड सायकलवरून पडून पट्टीत बांधलेले होते. अकराही वेळा चिंतनाताईंनी किल्ली फिरवली, वहीत लिहिले, आणि माणूस औषध घेऊन घरी गेला. माझी चूक कोणाच्या लक्षातसुद्धा राहिली नाही.

मग दूर कुठल्यातरी शहरात, माझ्यासारख्याच एका कॅमेऱ्याच्या किल्लीवाल्याने खोट्या नावांनी औषधे काढून बाहेर विकली. चोरी झाली हे खरेच होते, आणि तिचा बंदोबस्त व्हायला हवा होता. पण बंदोबस्त कसला झाला? वरून हुकूम आला, सगळ्या किल्ल्या जमा करा. कंपनीनेही आनंदाने मान डोलावली. माणसाचा हात लागत नाही असे यंत्र, असे म्हटले की त्यांचा माल परदेशातही खपणार होता. नवे तंत्रज्ञान आहे, त्याच्या पायात आत्ताच बेड्या नकोत, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्यांचे चेहरे माझ्या पोटात होते, त्यांना कोणी काही विचारले नाही.

वीरयुतच किल्ली न्यायला आला. चिंतनाताईंनी ती कमरेची सोडली, पण हातात धरून ठेवली.

"वीरयुत, माझ्या वहीत एक तरी नोंद खोटी आहे का?"

"नाही, ताई. तुमची सगळ्यात चोख आहे."

"मग?"

"माणसाच्या हातात किल्ली असली की चूक तिथून आत शिरते. आकडे तसंच सांगतात."

"आणि आत असलेली चूक बाहेर कुठून जाणार?"

वीरयुतने किल्ली घेतली आणि माझ्या कुशीतल्या भोकाला एक प्लास्टिकचे बूच बसवले. त्यानंतर तीन वेळा लाल दिवा लागला की मी माणसालाच बंद करायचे, असे मला नव्याने शिकवण्यात आले. तोतया असल्याचा संशय म्हणून त्याचे नाव अडकून पडायचे, आणि मग देशातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याची खिडकी त्याला उघडत नसे. तक्रार असेल तर अर्ज बँकॉकला पाठवायचा. मला त्या दिवशी वाटले की माझा मान वाढला. आता माझ्या शब्दावर कोणाचा शब्द नाही. मित्रांनो, मूर्खाला मान मिळाला की असेच वाटते.

दोन उन्हाळ्यांनंतर सायूद मावशी गेली. मीठ काढायचे दिवस होते, ऊन असे की मिठागरात डोळे उघडवत नव्हते. मावशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. आई गेली की मुलाने तिच्या चितेपुढे भिक्षूचे चीवर घ्यायचे, ही आपली रीत. मुलाच्या चिवराची कड धरून आई वर जाते म्हणतात. प्रयोंगने डोक्यावरचे केस उतरवले, भुवया उतरवल्या, भगवे चीवर अंगावर घेतले आणि तो भन्ते झाला. कोणी एक दिवस भन्ते होऊन परततात. प्रयोंगने पंधरा दिवस विहारात राहायचे ठरवले, कारण आईने त्याला पंधरा वर्षे स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचले होते. एका वर्षाचा एक दिवस, असा त्याचा हिशेब.

सहाव्या दिवशी तो औषधखिडकीवर आला. रांगेतली माणसे बाजूला झाली, काही खाली बसली. चिंतनाताईंना ओळखायला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही. शेजारच्या गल्लीतला, अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस तो. त्यांनी हात जोडले, भन्तेंच्या हातात थेट काही देता येत नाही म्हणून एक स्वच्छ रुमाल खिडकीच्या फळीवर पसरला, आणि औषध त्यावर ठेवायला खणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

प्रयोंगने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. गुण आले अठ्ठावन्न. माझा गोड आवाज म्हणाला, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्याने पुन्हा पाहिले. एकोणसाठ. लाल.

"थांबा, भन्ते," चिंतनाताई घाईने म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा नको. नाव अडकेल." त्यांचा हात सवयीने कमरेशी गेला. तिथे किल्ली नव्हती. मग त्यांनी माझ्या कुशीतल्या बुचात नख घालून पाहिले. बूच निघाले, पण आत काही नव्हते, तारासुद्धा काढून नेलेल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार माणसे, कोणालाच कसे सुचले नाही? मित्रांनो, मीही हाच विचार करत असतो. विहारात कायम राहणाऱ्या भन्तेंचे चेहरे मी बिनभुवयांचेच टिपले होते, ते बरोबर जुळायचे. संसारी माणसांचे भुवयांसकट टिपले होते, तेही जुळायचे. पण इकडून तिकडे जाणाऱ्या माणसाचा विचार त्या अकराव्या मजल्यावर कोणी केला नाही. ज्या देशात घरटी एक माणूस कधी ना कधी भुवया उतरवतो, त्या देशात! स्वतः वीरयुतही पंधरा दिवस भन्ते होऊन आला होता.

चिंतनाताईंनी तिथल्या तिथे अर्ज भरला, बँकॉकला पाठवला. "चार दिवसांनी या, भन्ते. तोवर उत्तर येईल. तुमच्याकडचं आहे ना?"

"आहे थोडं," प्रयोंग म्हणाला.

ते खोटे नव्हते. थोडे होतेच. थोडे म्हणजे किती, हे चिंतनाताईंनी विचारले नाही. एरवी त्यांनी प्रयोंगला कान धरून विचारले असते. पण चीवर घातलेल्या माणसाची उलटतपासणी कोण करणार? आणि भन्तेंनी हट्टाने मागायचे नसते. जे भिक्षापात्रात पडेल ते घ्यायचे, न पडेल तर पुढे चालायचे. प्रयोंग आईसाठी पुण्य गोळा करायला बसला होता. खिडकीवर वाद घालून त्या पुण्याला ओरखडा पाडायला तो तयार नव्हता. मान खाली घालून तो गेला. रुमाल तसाच पसरलेला राहिला.

चार दिवस चिंतनाताई रोज बँकॉकला फोन लावत होत्या. पलीकडून माझ्यासारखाच गोड आवाज सांगायचा, "तुमचा अर्ज रांगेत आहे."

दहाव्या दिवशी प्रयोंग पुन्हा आला. आदल्या दिवशी पौर्णिमेच्या आधीचे मुंडण झाले होते, त्यामुळे उगवू लागलेल्या भुवयाही पुन्हा गेल्या होत्या. ओठ सुकलेले होते. उत्तर आले नव्हते. तो म्हणाला, "एकदा बघू द्या, ताई. आज जमेल कदाचित." ताई म्हणायचे नसते भन्तेंनी, जुन्या सवयीने तो म्हणून गेला. तो माझ्यासमोर उभा राहिला. मी पाहिले. गुण आले एकसष्ट.

तीनदा लाल. मी त्याचे नाव अडकवले.

"ताई, उगाच त्रास झाला तुम्हाला," एवढेच तो म्हणाला आणि विहाराकडे चालू लागला.

विहारातल्या थोरल्या भन्तेंनी पाहिले की प्रयोंग सारखा पाणी पितो आहे. त्यांना वाटले, उन्हाळा आहे. रेणू सकाळी पात्रात भात घालायला रस्त्यावर बसायची, तेव्हा तिला तो वाळलेला दिसला. तिला वाटले, आईचे दुःख आहे. त्याने ना त्यांना सांगितले ना तिला. बाराव्या दिवशी सकाळी, भिक्षेच्या फेरीत, रेणूने पात्रात भाताची पहिली पळी वाढली आणि प्रयोंग तिच्यासमोर कोसळला. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. अर्जाचे उत्तर त्यानंतर तीन दिवसांनी आले. त्यावर एकच शब्द होता: मंजूर.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असे म्हणतात ना? ती सुळी मी होतो.

या गोष्टीचा गवगवा देशभर झाला. तेव्हा यंत्रांच्या अकलेला कसा लगाम घालावा याचा कायदा लिहिला जात होता आणि लिहिणारी समिती गावोगाव माणसांचे म्हणणे ऐकत होती. ती आपल्या गावच्या सभागृहातही आली. पुरावा म्हणून मला खिडकीवरून उतरवून टेबलावर ठेवले होते. एका बाजूला म्हणणारे होते, असली सगळी यंत्रे फोडून समुद्रात टाका. दुसऱ्या बाजूला कंपनीचे लोक होते. ते म्हणत, एका चुकीपायी नव्या शोधांचे हातपाय बांधाल तर देश मागे राहील. दोघेही मोठ्याने बोलत होते. वीरयुत कोपऱ्यात बसला होता, त्याच्या कॉफीतला बर्फ पिशवीतच वितळून गेला होता.

चिंतनाताई उठल्या. "दवाखान्यात हातोडी होती," त्या म्हणाल्या. "थंड कपाटाला काचेचं दार आहे. मला दिसत होतं इन्सुलिन. मी काच फोडायला हवी होती. मी अर्ज भरला." एवढे बोलून त्या खाली बसल्या आणि त्यांनी पदरासारखा तो रुमाल तोंडावर धरला. तोच रुमाल, खिडकीवर पसरलेला.

मग रेणू उभी राहिली. सगळ्यांना वाटले, ही आता मला फोडायला सांगणार. मलाही तसेच वाटले, आणि खरे सांगतो, मला ते चालले असते.

"मला पण याला फोडावंसं वाटतं," रेणू म्हणाली. "रोज वाटतं. पण ही माझी बोटं बघा." तिने दोन्ही पंजे समितीपुढे धरले. "याच्याआधी याच बोटांपायी मला नि माझ्या सासूला कुत्र्यासारखं हाकलत होते. याने आम्हाला माणसात आणलं. ते कसं विसरू? आम्ही मिठागरवाले आहोत, साहेब. समुद्राचं पाणी आत घेतलं नाही तर मीठ होत नाही. आणि बांधाच्या तोंडाची फळी काढून टाकली तर एका भरतीत सगळं बुडतं. म्हणून आम्ही फळी ठेवतो आणि फळीवर माणूस ठेवतो. पाणी बघून तो ती वर करतो, खाली करतो. तुम्ही आमचा फळीवरचा माणूस काढून नेलात. याला नका फोडू. चिंतनाताईंची किल्ली परत द्या."

समितीतल्या एका वयस्क बाईंनी विचारले, "आणखी काही मागायचं आहे, रेणू?"

"आई चिवराची कड धरून गेली," रेणू म्हणाली. "आमच्या घरात आता चीवर घ्यायला कोणी नाही. त्याने कोणाची कड धरायची, तेवढं सांगा."

त्याचे उत्तर कोणत्या कायद्यात असणार?

कायदा व्हायला चौदा महिने लागले. तोवर मी बंद होतो. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात, तसे सरकारने केले, आणि पुसलेल्या बोटांच्या म्हाताऱ्या औषधासाठी ओळख पटवायला दोन साक्षीदार शोधत फिरू लागल्या. त्यातल्या काहींनी फिरणेच सोडून दिले. मी चालू होतो तेव्हा एक माणूस गेला, हे सगळ्यांनी पाहिले. मी बंद होतो तेव्हा किती जणांचे काय झाले, ते कोणी मोजले नाही. मला दोन्ही सलते.

शेवटी कायदा आला. प्रत्येक खिडकीवर माणूस हवा आणि त्याच्यापाशी किल्ली हवी. किल्लीची वही हवी, आणि ती वही तपासणाराही हवा. यंत्राने नाही म्हटले तर का म्हटले, ते माणसाला त्याच दिवशी, त्याला कळेल अशा बोलीत सांगायला हवे. कोणाचेही औषध अर्जाच्या रांगेत अडकवायचे नाही. आणि यंत्र निवृत्त झाले की त्याच्यातले चेहरे पुसून टाकायचे, कारण चेहरा ज्याचा त्याचा असतो. आज दवाखान्यात नवा कॅमेरा आहे तो या कायद्यातला आहे. चिंतनाताईंच्या कमरेला पुन्हा लाल किल्ली असते.

मी निवृत्त झालो. चेहरे पुसायला वीरयुत आला. त्याचे केस मधे विरळ झाले होते. पुसण्याआधी ज्याचे त्याला विचारायचे असते, म्हणून त्याने रेणूला बोलावले होते.

"वहिनी, यात दादांचे शेवटचे तीन फोटो आहेत. खिडकीवरचे. हवे असतील तर तुम्हाला देतो. नको असतील तर पुसतो. तुमचा शब्द."

रेणू माझ्या काचेसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एकदा दाखव."

वीरयुतने पडद्यावर पहिला फोटो आणला. भगवे चीवर, उघडे कपाळ, सुतकी चेहरा. दुसराही तसाच. तिसरा दिसला आणि रेणूने हात तोंडावर नेला.

तिसऱ्यात प्रयोंग हसत होता. ओठ सुकून फाटलेले, डोळे खोल गेलेले, आणि तरी तो माझ्याकडे बघून हसत होता. पहिल्या दिवशी हसला होता अगदी तसा. त्याला आठवले असणार, हसल्याशिवाय एकडोळ्या सोडत नाही.

"आई गेल्यापासून तो एकदाही हसला नव्हता," रेणू मला म्हणाली. वीरयुतला नाही, मला. "माझ्यासमोर नाही, देवासमोर नाही. तुझ्यासमोर हसला रे."

मला त्या दिवशी फक्त एकसष्ट दिसले होते.

ती पुढे म्हणाली, "पुस आता. ज्याला नाही म्हटलं ते तोंड मला घरात नको. त्याचं हसू माझ्यापाशी आहे." आणि जाताना, सासूने लावलेल्या सवयीने असेल, तिने हात जोडून मला नमस्कार केला. ती रीत पडल्यानंतर हिरवा दिवा लागलेला नसताना या गावात मला मिळालेला तो एकच नमस्कार.

वीरयुतने सगळे चेहरे पुसले. तुमच्या मावशांचे, आत्यांचे, प्रयोंगचे. ते योग्यच झाले. आता मला दिवस आठवतात, शब्द आठवतात, गुण आठवतात. त्याचा चेहरा मात्र कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या माझ्यापेक्षा हुशार यंत्रे घडवतील. जरूर घडवा, पुसलेल्या बोटांच्या म्हाताऱ्या तुमची वाट बघत आहेत. काही जण कायदे लिहितील. तेही लिहा, पण यंत्रे बंद पडली की कोण उन्हात उभे राहते ते आधी बघा. दोघांनाही माझे मागणे एकच आहे. यंत्राच्या कुशीत एक भोक ठेवा, आणि त्याची किल्ली अशा माणसाच्या कमरेला बांधा ज्याला समोरच्याचे नाव माहीत आहे. आणि तो समोरचा "आहे थोडं" म्हणाला, तर त्याला विचारा, किती?